चार हुतात्मे म्हणजे नेमके कोण चौघं?

आजचा भाग सांगोल्याहून, घरच्या माडीवरून रेकॉर्ड केलाय. ऐकताना मध्येच ट्रॅक्टर आला तर सांभाळून घ्या. जे वाचतायत ते सुटले.

गेल्या महिन्यात मी माझ्या जुन्या शाळेत गेलो होतो. शनिवारची सकाळची शाळा. मॅडम म्हणाल्या, "आठवीच्या पोरांना काहीतरी वेगळं सांग." त्यांना वाटलं मी एआय-बिआयवर बोलेन. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. आमच्या टीममधली एक मराठी ताई अमेरिकेत राहते. मीटिंग सुरू व्हायच्या आधी तिनं सांगितलं होतं, की तिच्या मुलीला शाळेत प्रोजेक्ट मिळालाय: अमेरिकेच्या इतिहासातला असा माणूस शोधा, ज्याच्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष झालं. मुलीनं निवडली क्लॉडेट कोल्व्हिन.

मी हे नाव पहिल्यांदाच ऐकलं. बसमध्ये गोऱ्या माणसासाठी जागा सोडायला नकार देणारी रोझा पार्क्स आपल्याला माहीत असते. ती घटना १ डिसेंबर १९५५ ची, माँटगोमेरी शहरातली. पण त्याच शहरात, त्याच वर्षी, नऊ महिने आधी, म्हणजे २ मार्चला, १५ वर्षांच्या क्लॉडेटनं हेच केलं होतं. तिलाही अटक झाली. पुढे ज्या खटल्यामुळे त्या बसमधला वर्णभेद कायद्यानं संपला, त्यातल्या फिर्यादींमध्ये ती होती. तरी चळवळीचा चेहरा ती झाली नाही. पुढाऱ्यांना वयानं मोठी, प्रतिष्ठित बाई पुढे हवी होती. क्लॉडेटच्या नावावरचा तो जुना गुन्हा कोर्टानं पुसला २०२१ मध्ये. तेव्हा ती ८२ वर्षांची होती.

हे मी वर्गात सांगितलं. पोरं गप्प ऐकत होती. मग मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, आपल्या जिल्ह्यात असं कोण हाय का?"

मी जोशात म्हणालो, "आहेत की. चार हुतात्मे."

"ते तर सोलापुरातला चौक हाय!" सगळा वर्ग हसला.

नावं विचारली. एकालाही चारही सांगता येईनात. आता खरं सांगतो. मलाही त्या क्षणी दोनच आठवली. मी सोलापुरात चार वर्षं इंजिनिअरिंग केलंय. त्या चौकातून किती वेळा गेलो असेन त्याला हिशोब नाही. पुतळ्यांजवळ उभं राहून मित्राची वाट बघितलीये, वडापाव खाल्लाय, आणि नावं दोन!

मॅडमनी आठवीचंच इतिहासाचं पुस्तक पुढे केलं. सोलापूरचा सत्याग्रह त्यात आहे. एक परिच्छेद. चौघांची नावं एकाच वाक्यात. म्हणजे 'पुस्तकात नाही' अशी तक्रारही करता येत नाही. वाचायला अर्धं मिनिट लागतं आणि पुढचा मुद्दा सुरू होतो. परीक्षेत तो एक मार्काला येतो.

मग मी एआयच्या स्लाइड बंद केल्या नि खडू घेतला.

मे १९३०. मिठाचा सत्याग्रह सुरू आहे. ५ मेच्या मध्यरात्री, उजाडायच्या आत, गांधीजींना अटक होते. सोलापूर म्हणजे गिरण्यांचं गाव. बातमी येते आणि हरताळ सुरू होतो. ८ मे रोजी लोक रूपाभवानीच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला जातात, दारूबंदीचा कार्यक्रम म्हणून. पोलीस काहींना पकडतात, जमाव 'सोडा' म्हणून अडून बसतो, गोळीबार होतो. शंकर शिवदारे हा तरुण त्यात जातो. मग जमाव भडकतो. पोलीस चौकी आणि कोर्टाला आग लावली जाते. पोलीसही मारले जातात.

यानंतरचा भाग माझा सगळ्यात आवडता. ९ ते ११ मे, तीन दिवस सोलापुरात इंग्रजांचं राज्यच नव्हतं. अधिकारी गायब. रस्त्यावर वाहतूक सांभाळत होते काँग्रेसचे स्वयंसेवक. आज सोलापूरच्या कुठल्याही सिग्नलला उभं राहून याची कल्पना करून बघा!

१२ मेला मार्शल लॉ लागला, तो ३० जूनपर्यंत. लष्करी कायदा. १९१९ मध्ये जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबात लागला होता, तोच प्रकार. तिरंगा बाळगणं गुन्हा, गांधी टोपी घातली तर शिक्षा. एका टोपीला सरकार किती घाबरावं!

आणि मग चौघांना धरलं. दोन पोलिसांच्या खुनाचा आरोप. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. नावं सावकाश म्हणून बघा. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. सोलापूरचा बाजार फिरलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. कुर्बान हुसेन वर्तमानपत्र चालवायचा, गिरणी कामगारांत काम करायचा. वय विशीतलं, म्हणजे माझ्याहून लहान. त्या खुनांशी चौघांचा संबंध नव्हता, पुढाऱ्यांना अद्दल घडवायची होती, असं सोलापूरकर तेव्हापासून सांगत आलेत.

१२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना फाशी दिली. एक गोष्ट मला त्या वर्गानंतर रात्री वाचताना कळली आणि झोप उडाली. त्या दिवशी गांधीजी येरवड्याच्याच तुरुंगात होते. ज्यांच्या अटकेमुळे सोलापूर पेटलं, ते आणि ज्यांना त्यापायी फाशी झाली ते, एकाच तुरुंगात. गांधीजी सुटले २६ जानेवारीला. चौदा दिवसांनी. पुढच्या दोन महिन्यांत लाहोरला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांना फाशी झाली आणि देशाचं सगळं लक्ष तिकडे गेलं. ते साहजिकही होतं.

त्यात तारखेचा घोळ. १२ जानेवारी म्हणजे जिजाऊ जयंती आणि विवेकानंद जयंती. शाळेत दोन फोटो, दोन हार, दोन भाषणं. सोलापूर शहरात चौघांना अभिवादन होतं, पण ८० किलोमीटरवर आमच्या सांगोल्यात येईपर्यंत त्यांचा नंबर लागत नाही. कुणी मुद्दाम वगळलंय असं नाही. तारीख आधीच बुक आहे.

तर वर्गात मी फाशीपर्यंत आलो. वाटलं, झालं, आता टाळ्या. एका मुलीनं हात वर केला. "सर, त्या दोन पोलिसांची नावं काय होती? ती पण आपलीच माणसं असतील ना?"

फळ्यावर पाच नावं होती, शिवदारे धरून. पोलिसांचं एकही नव्हतं. मी म्हणालो, "ते इंग्रजांच्या नोकरीत होते." ती म्हणाली, "माझे पप्पा पोलिसात आहेत. ते पण ऑर्डर पाळतात." मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यायलो.

खरंतर दुर्लक्षित माणसं शोधायची म्हणून आपण जातो, तेव्हा आपल्याला शोभतील तेवढीच उचलतो. माँटगोमेरीत तेच झालं होतं. मी फळ्यावर तेच करत होतो. मी तिला एवढंच म्हणालो, "तुझा प्रश्न बरोबर आहे, माझं उत्तर चुकलं." पटकन वाटलं, शाळेत असताना एखाद्या सरांनी आम्हाला असं म्हटलं असतं तर इतिहास इतका कंटाळवाणा वाटला नसता. असो.

जाताना गृहपाठ दिला: घरी विचारा, आपल्यातलं कोण सोलापूरच्या गिरणीत होतं. आमचा तालुका दुष्काळी, पोट भरायला माणसं बाहेर जायचीच. पुढच्या शनिवारी निम्म्या वर्गाकडे काही ना काही निघालं. कुणाचे पणजोबा, कुणाची चुलत आजी. एकानं जुन्या गिरणीचा पितळी बिल्ला आणला होता. पोरं तो एकमेकांच्या हातात देत वजन बघत होती.

आता १२ जानेवारीच्या परिपाठात मॅडमनी पाच मिनिटं कबूल केलीत, जिजाऊ आणि विवेकानंदांच्या भाषणांनंतर. चौघांना एकेक मिनिट. पाचवं मिनिट त्या मुलीनं मागून घेतलंय, पोलिसांसाठी. मागच्या बाकाला ते मान्य नाही. वर्गाच्या ग्रुपवर अजून भांडण चालू आहे.