‘सहा महिने’ हा आकडा आला कुठून?

बाळ जन्मल्यावर एका महिन्याच्या आत कानाची तपासणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू. ऑडिओलॉजीवाले याला ‘१-३-६’ म्हणतात आणि कुठल्याही पाठ्यपुस्तकात हे तीन आकडे तुम्हाला मिळतील. पण मित्रांनो, संशोधनाकडे वळणाऱ्या माणसाने असा गोळीबंद आकडा पाहिला की लगेच विचारावं, हे ठरवलं कोणी आणि कशावरून? मी वैद्यकाच्या इतिहासावर पीएचडी करते. या विषयाचे जुने निबंध वाचताना लक्षात आलं की या ‘सहा’मागे साठेक वर्षांचा वाद आहे, आणि ‘पुरावा किती झाला की पुरे?’ हे शिकायला त्याच्यासारखं उदाहरण क्वचित मिळेल.

आधी एक शब्द बघा, ‘मूकबधिर’. आपल्याकडच्या कितीतरी शाळांच्या पाट्यांवर तो आहे. त्यात ‘मूक’ आधी येतं आणि ‘बधिर’ नंतर. घडतं मात्र उलट. ऐकू येत नाही म्हणून बोलणं येत नाही. घसा, जीभ, स्वरयंत्र सगळं शाबूत असतं. (आणि खुणांच्या भाषेत अस्खलित बोलणाऱ्याला ‘मूक’ म्हणणं हेच मुळात चूक, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) समाजाला आधी दिसतं ते न बोलणं, आणि ते दिसतं तेव्हा मूल दोन-अडीच वर्षांचं झालेलं असतं. तोपर्यंत घरात काय चालू असतं? ‘याचा बाबाही उशिराच बोलायला लागला होता.’ ‘मुलगे उशिराच बोलतात.’ फारच शंका आली तर कोणीतरी मागे उभं राहून ताट वाजवतं. बाळ दचकतं आणि घर निर्धास्त होतं.

या ताटाच्या परीक्षेत गोम अशी की ताटाचा आवाज भरपूर मोठा असतो. मध्यम प्रतीचं बहिरेपण असलेल्या बाळालाही तो ऐकू येतो. काही बाळांना फक्त वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत, तीही दचकतात. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे हळू व्यंजनध्वनी त्यांच्यापर्यंत पोचत नसतात. ताट ऐकू येतं, आईचं बोलणं अर्धवट ऐकू येतं. शिवाय ताटाची हालचाल डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसते ती वेगळीच.

या घरगुती परीक्षेला पहिलं शास्त्रीय रूप दिलं ते मँचेस्टरच्या आयरीन आणि अलेक्झांडर युइंग या दांपत्याने. १९४४ सालच्या त्यांच्या निबंधातली पद्धत साधी आहे. बाळ आईच्या मांडीवर, एक माणूस समोर खेळणं घेऊन, दुसरा मागे बाळाच्या नजरेआड राहून ठरावीक, हळू आवाज करणार. बाळ वळतं का ते पाहायचं. ब्रिटनमध्ये पुढे कित्येक दशकं घरोघर जाणाऱ्या आरोग्य परिचारिका ही चाचणी करत होत्या. अडचण एकच, मान वळवायला बाळ सात-आठ महिन्यांचं तरी व्हावं लागतं. म्हणजे चाचणीची सुरुवातच सहा महिन्यांनंतर.

मग जन्मल्या जन्मल्या का तपासू नये? अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये मॅरियन डाऊन्स या ऑडिओलॉजिस्टने १९६०च्या दशकात हाच प्रयत्न केला. प्रशिक्षित स्वयंसेविका प्रसूती विभागात जायच्या, झोपलेल्या बाळाजवळ ठरलेला मोठा आवाज करायच्या आणि पापणी हलली का, अंग दचकलं का, याची नोंद करायच्या. १९६९मध्ये तब्बल १७ हजार बाळांच्या तपासणीचा अहवाल त्यांच्या गटाने प्रसिद्ध केला. त्यांची चिकाटी अफाट होती, पण पद्धत डळमळीत होती. आवाज केल्याचं पाहणाऱ्याला माहीत असेल तर त्याला पापणी हललेली दिसतेच. हा निरीक्षकाचा कल. तुमच्या स्वतःच्या प्रबंधात तो कुठे शिरतोय ते आताच तपासून ठेवा. आवाज मोठा असल्यामुळे मध्यम बहिरेपणाची बाळं इथेही निसटत होती.

डाऊन्सबाईंचं मला आवडतं ते पुढचं पाऊल. आपल्याच पद्धतीचा हट्ट न धरता त्यांनी वेगवेगळ्या व्यावसायिक संघटनांची मिळून समिती नेमावी म्हणून आग्रह धरला. १९६९मध्ये अशी संयुक्त समिती स्थापन झाली, आणि तिने पहिलाच निर्णय दिला तो वर्तनावर आधारलेल्या सरसकट तपासणीच्या विरोधात. पुरावा पुरेसा नाही, आधी संशोधन करा. मग ‘धोका असलेल्या’ बाळांची यादी आली: घरात कोणी बहिरं आहे, गरोदरपणात रुबेला झाला, वजन फार कमी, कावीळ फार वाढली, अशांनाच तपासा. कागदावर हे शहाणपणाचं वाटतं. पण जन्मजात बहिरेपणाच्या जवळपास निम्म्या मुलांमध्ये असं कुठलंच कारण आढळत नाही. म्हणजे यादी काटेकोर पाळली तरी निम्मी मुलं हातातून गेलीच.

कोंडी फोडली ती दुसऱ्याच दालनातल्या माणसाने. १९४८ साली केंब्रिजमध्ये थॉमस गोल्ड या तरुण भौतिकशास्त्रज्ञाने मांडलं होतं की आतला कान नुसता थरथरणारा पडदा नाही, तो स्वतः ऊर्जा घालून आवाज वाढवत असला पाहिजे. कोणी फार मनावर घेतलं नाही. त्या काळी दबदबा होता गेओर्ग फॉन बेकेशी यांचा. त्यांनी मृतांच्या कानांवर केलेल्या बारकाईच्या प्रयोगांना १९६१ला नोबेलही मिळालं. पण मेलेला कान ऊर्जा कुठून घालणार? तीस वर्षांनी, १९७८मध्ये, लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी कानात बारीक मायक्रोफोन बसवला, एक ‘टिक्’ ऐकवलं आणि काही मिलिसेकंदांनी कानातूनच परत येणारा क्षीण आवाज टिपला. निरोगी कान ऐकता ऐकता स्वतःही अगदी हळू आवाज करतो. हीच आजची ओएई चाचणी. बाळाने काही करायचं नाही, झोपलेलं असलं की काम होतं. निरीक्षकाची पापणी आणि बाळाची पापणी, दोन्ही प्रश्न मिटले. (ओएई कानाच्या आतपर्यंतचंच सांगते. पुढच्या नसेचा दोष तिला दिसत नाही. म्हणून अतिदक्षता विभागातल्या बाळांना ‘बेरा’ लागते, जी मेंदूकडे जाणारा संदेश मोजते.)

यंत्र आलं म्हणजे प्रश्न संपला, असं तुम्हाला वाटेल. खरा वाद तर इथून पुढे पेटला.

१९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने सगळ्या बाळांची तपासणी करा असं सुचवलं. पुढच्याच वर्षी फ्रेड बेस आणि जॅक पॅराडाईज यांनी एक खणखणीत लेख लिहिला. सार असं की हे सोपं नाही, निर्धोक नाही, फायद्याचं आहेच असं नाही आणि सध्या तरी समर्थनीय नाही. त्यांना खलनायक ठरवू नका. गणित करून बघा. जन्मजात कायमचं बहिरेपण हजारात एक-दोन बाळांना असतं. समजा, चाचणी शंभरातल्या पाच निरोगी बाळांनाही ‘शंका’ असा शेरा देते. मग हजार बाळांमागे खरं एक, खोटे इशारे पन्नास. पन्नास आयांची झोप उडवायची एका बाळासाठी? उडवावी, पण त्या एकाला लवकर कळल्याचा फायदा होतो हे दाखवता आलं तरच. तेच कोणी नीट दाखवलेलं नव्हतं! ‘लवकर ते चांगलं’ हे सगळ्यांना पटलेलं होतं. पटणं म्हणजे पुरावा नव्हे.

१९९८मध्ये पुन्हा कोलोरॅडोहून उत्तर आलं. ख्रिस्टीन योशिनागा-इतानो आणि सहकाऱ्यांनी १५० मुलं घेतली. ७२ जणांचं बहिरेपण सहा महिन्यांच्या आत कळलेलं, ७८ जणांचं नंतर. कळल्यावर सरासरी दोन महिन्यांत मदत सगळ्यांनाच मिळाली होती: कानाचं मशीन, घरी येऊन पालकांना शिकवणारी व्यक्ती, काहींना खुणांची भाषा. लवकर कळलेल्या मुलांची भाषा स्पष्टपणे पुढे होती. बहिरेपण कमी असो वा जास्त, घर गरीब असो वा श्रीमंत, मूल तोंडाने बोलो वा हाताने, फरक टिकून राहिला. शेवटचा मुद्दा अधोरेखित करा. हरवत होती ती नुसती वाणी नाही, भाषाच हरवत होती.

‘सहा’ आला तो मुख्यतः इथून. २०००मध्ये त्याच संयुक्त समितीने १-३-६चं सूत्र अधिकृत केलं. पण निबंध उघडून बघा. सहा महिने ही दोन गटांमधली विभाजक रेषा आहे. सहावा महिना संपताच मेंदूचं दार बंद होतं असं त्यात सिद्ध केलेलं नाही. उशिराच्या गटात मात्र सातव्या महिन्यात कळलं काय नि तिसऱ्या वर्षी कळलं काय, ठळक फरक दिसला नाही. इथे घसरायला होतं. ७८ मुलांचे आणखी तुकडे केले की एकेका तुकड्यात मूठभर मुलं उरतात, आणि फरक न दिसणं म्हणजे फरक नसणं नव्हे. ‘आता उशीर झालाच आहे, तर घाई कशाला’ असा अर्थ यातून कोणी काढू नये.

त्याहून मोठा आक्षेप हा, की लवकर कळलेल्या मुलांचे पालकच मुळात जास्त जागरूक असतील तर? फरक निदानाच्या वयाचा की पालकांचा? याच कारणाने २००१मध्ये यूएस प्रिव्हेन्टिव्ह सर्व्हिसेस टास्क फोर्सने ‘पुरावा अपुरा’ असा शेरा मारला. तोवर बऱ्याच राज्यांनी तपासणीचे कायदे करूनही टाकले होते.

तोड इंग्लंडात आधीच पेरली गेली होती. वेसेक्स भागात १९९३ ते १९९६मध्ये कॉलिन केनेडी आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयांच्या दोन जोड्या केल्या. यंत्रं आणि माणसं काही महिने एका जोडीत, मग दुसऱ्या, मग परत. एकाच रुग्णालयात कधी तपासणी आहे, कधी नाही. आता आई जागरूक आहे म्हणून बाळाची तपासणी झाली, असं म्हणता येत नाही. कोणत्या महिन्यात जन्मलं यावर ते ठरलं. अशी सुमारे ५४ हजार बाळं. पुढे दक्षिण इंग्लंडातल्या इतर भागांसह १ लाख ५७ हजार जन्मांमधून दोन्ही कानांनी कायमची कमी ऐकणारी १२० मुलं आठेक वर्षांची झाल्यावर तपासली गेली आणि २००६मध्ये निकाल आला. नऊ महिन्यांच्या आत निदान झालेल्यांची भाषा सरस होती. बोलण्याच्या कौशल्यात मात्र ठळक फरक नव्हता, आणि तेही लेखकांनी सरळ लिहून टाकलं. २००८मध्ये टास्क फोर्सने आपला शेरा बदलून सरसकट तपासणीची शिफारस केली. १२० मुलांसाठी दीड लाखावर जन्म आणि दहाहून जास्त वर्षं! पुढच्या वेळी गाईड ‘सॅम्पल वाढवा’ म्हणाले की हे आठवा.

हा पुरावा तिकडचा. आपल्याकडे काय? २०११च्या जनगणनेत ऐकण्याची अक्षमता नोंदवलेली माणसं ५० लाखांहून जास्त. बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १० राज्यं आणि एका केंद्रशासित प्रदेशातल्या २५ जिल्ह्यांपासून सुरू झाला त्याला आता बरीच वर्षं झाली. २०१३मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ आपल्याच पालघरला झाला आणि त्याच्या ३० आजारांच्या यादीत जन्मजात बहिरेपण आहे. म्हणजे सूत्र आहे, योजना आहे, मुंबईत १९८३पासून अली यावर जंग संस्थाही आहे.

पण १-३-६ ज्या समाजात तयार झालं, तिथे पहिलं बाळंतपण माहेरी होत नाही. आपल्याकडे पुष्कळदा होतं. पहिली चाचणी माहेरच्या तालुक्यात. पहिल्या दोन दिवसांत कानात ओल आणि चिकटा असल्याने ‘परत आणा’ असा शेरा येतो, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, पण परत जावं मात्र लागतं. तोवर बाळ-बाळंतीण सासरी पोचलेली असतात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात. फाईल माहेरी, बाळ सासरी. दुसरी चाचणी कोणत्या रजिस्टरात शोधायची?

विषय शोधत असाल तर हा घ्या. कान-नाक-घसा विभागातल्या केसपेपरवर दोन तारखा शोधा: घरच्यांना पहिल्यांदा शंका आली ती आणि पहिली बेरा झाली ती. एथिक्स कमिटीची परवानगी आधी काढा, तिला वेळ लागतो. आणि फॉर्ममध्ये ‘जन्म कुठे झाला’ याखाली ‘माहेर’ आणि ‘सासर’ असे दोन वेगळे रकाने ठेवा.