खानदेशातील इतिहाससंग्रह (नशिराबादच्या संदर्भात)

जळगावच्या पूर्वेस, भादली रेल्वेस्थानकाजवळ असलेले नशिराबाद इंग्रजी अमदानीत काचेच्या बांगड्यांसाठी ओळखले जाई. गावातील जुन्या मशिदींचीही नोंद त्या काळच्या गॅझेटियरमध्ये आढळते. अशा कसबी गावाचा इतिहास खानदेशातील संग्रहांत कोठे शोधावा, याचे उत्तर ते संग्रह कोणी व कशासाठी उभे केले यात आहे. ते मुख्यतः कागदासाठी उभे राहिले. वस्तू आल्या त्या लेखाच्या पाठोपाठ, आणि महत्त्वही त्यांना बहुधा लेखामुळेच मिळाले.

धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ हा याचा ठळक पुरावा. वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि १९२७ मध्ये भा. वा. भट प्रभृतींनी त्यांच्या नावे हे मंडळ काढले. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ चा. पुढे खंडांची संख्या २२ झाली. गावोगावच्या वाड्यांतून, माळ्यांवरून मोडी दप्तरे मिळवायची, नकलून घ्यायची व छापायची ही राजवाड्यांची रीत, आणि मंडळाच्या संग्रहाची प्रकृतीही तिनेच ठरवली. शंकर श्रीकृष्ण देव यांचे कार्य त्याच शहरातले. त्यांनी रामदासी मठांतील बाडे व पोथ्या धुळ्यात आणल्या. त्यांतून समर्थ वाग्देवता मंदिराचा हस्तलिखितसंग्रह झाला. डोमगाव मठातील कल्याणस्वामींच्या हातच्या प्रतीवरून त्यांनी १९०५ मध्ये दासबोध छापला. दोघांची दृष्टी भिन्न असली, तरी विश्वास अक्षरावरच.

मंडळाच्या संग्रहालयात मूर्ती, नाणी, ताम्रपट व चित्रे आहेत, मग हा संग्रह कागदापुरता कसा, असा आक्षेप येईल. पण ताम्रपट आणि नाणे हे धातूवरचे लेखच. मूर्तीचा काळ निदान शैलीवरून सांगता येतो. काचाऱ्याच्या भट्टीवर मात्र ना राजाचे नाव असते ना शक. दुसरा आक्षेप असा की काच फुटते, म्हणून मागे काही उरत नाही. हा तर टिकणारच नाही. फुटक्या बांगड्यांचे तुकडे जमिनीत शतकानुशतके राहतात व उत्खननांत नित्य सापडतात. उलट कागदच हरवतो: बीडजवळच्या पाटांगण येथे मिळालेल्या ज्या ज्ञानेश्वरीच्या पोथीवरून राजवाड्यांनी १९०९ मध्ये आपली प्रत छापली, त्या मूळ पोथीचे पुढे काय झाले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. शिवाय गिरणाकाठचे बहाळ व तापीकाठचे प्रकाशे येथील १९५० च्या दशकातील उत्खननांनी या प्रदेशाचा ताम्रपाषाणयुगापासूनचा क्रम मुख्यतः खापरांवरून लावला. लेख नसताना इतिहास लिहिता येतो हे खानदेशातच सिद्ध झाले आहे. राजवाड्यांना याची जाणीव नव्हती असेही म्हणता येत नाही. ग्रामनामे आणि क्रियापदांचे धातू यांवरचे त्यांचे काम दप्तराबाहेर जाणारेच आहे. परंतु नावे व धातू वहीत उतरतात, भट्टी उतरत नाही.

खानदेशच्या फारुकी सुलतानांच्या काळाकडे (१३८२–१६०१) झालेले दुर्लक्ष अक्षरावरच्या याच विश्वासामुळे वाढले. त्या राज्याच्या लिखाणाची भाषा फारसी होती, आणि मोडी वाचणाऱ्या संशोधकांच्या पिढीला अठरावे शतक जवळचे वाटले. नशिराबादच्या मशिदींसारख्या इमारती येथे स्वतःच साधने ठरतात. त्यांचे मोजमाप व आराखडे संग्रही असणे कोणत्याही बाडाइतकेच मोलाचे आहे. वस्तू जागेवरच राहूनही अभ्यासात येऊ शकते, याचे उदाहरण चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ चा शिलालेख. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने काढलेल्या मठाची माहिती त्यातून मिळते. अर्थात तोही लेखच.