वायरीचा हातात पडणारा पगार

नवी वस्तू आणली की खोक्यातलं सगळंच वापरायला काढायचं नाही, ही आमच्या घराण्याची परंपरा. वडिलांनी रेडिओचं कव्हर जपलं, मी मॉनिटरची वायर जपली. फरक एवढाच, की कव्हरावाचून रेडिओचं काही अडलं नव्हतं.

कन्या आर्किटेक्चर शिकते. नकाशातल्या बारीक रेघा लॅपटॉपवर दिसत नाहीत म्हणाली, म्हणून एरिअर्सच्या पैशातून 'फोर के' मॉनिटर आणला. खोक्यात कोरी करकरीत वायर होती. पण टीव्हीच्या कपाटात जुनी एचडीएमआय वायर पडलेली असताना नवी कशाला मळवायची? जुनी लावली. चित्र सुरेख आलं. फक्त माऊस हलवला की पडद्यावरचा बाण पेन्शनरासारखा थांबत थांबत चालायचा. कन्या दोन आठवडे सांगत होती, "बाबा, डोळे दुखतात, काहीतरी चुकतंय." मी म्हणत होतो, "रात्री दोनपर्यंत जागल्यावर दुसरं काय होणार?"

शेवटी दुकानदाराशी भांडायचं ठरलं. भांडणाआधी कागदपत्रं वाचणं हा कारकुनी धर्म. ती वाचता वाचता मी थेट 2001 सालात जाऊन पोचलो.

त्या वर्षी आयबीएमने टी 220 नावाचा मॉनिटर काढला. आकार जेमतेम बावीस इंच, पण ठिपके 3840 गुणिले 2400, म्हणजे 92 लाख 16 हजार! आता मॉनिटर एकदा रंगवून भागत नाही, दर सेकंदाला अनेकदा रंगवावा लागतो. याची मजल 41 वेळांची. म्हणजे सेकंदाला पावणेअडतीस कोटी ठिपके. आणि 1999 साली ठरलेली डीव्हीआयची एक वाट नियमाने न्यायची जास्तीत जास्त साडेसोळा कोटी. एकच वायर जोडली तर सेकंदाला 13 चित्रं. सिनेमालासुद्धा 24 लागतात! तेव्हा पडद्याचे चार वाटे केले आणि प्रत्येकाला स्वतंत्र वायर दिली. वाडा एक, भाऊ चार, चुली चार.

2004 साली अ‍ॅपलने तीस इंची पडदा आणला. त्याचे ठिपके 2560 गुणिले 1600. तेही एका वाटेत मावेनात, म्हणून एकाच वायरीच्या पोटात दोन वाटा घातल्या.

पण खरी गंमत 2014 सालची. इथे माझ्यातला वाणिज्य पदवीधर गहिवरला. डेलने सत्तावीस इंची 'फाइव्ह के' पडदा काढला. 5120 गुणिले 2880, म्हणजे 1 कोटी 47 लाख ठिपके. एकेका ठिपक्याच्या रंगाला 24 बिट, आणि सेकंदाला 60 वेळा. करा गुणाकार : 2123 कोटी बिट. तेव्हाच्या डिस्प्लेपोर्ट 1.2 वायरीची कागदोपत्री क्षमता 2160 कोटी. म्हणजे 37 कोटी शिल्लकच! मग डेलने त्याला दोन वायरी का जोडायला लावल्या?

कारण, वाचकहो, 2160 हा ग्रॉस पगार आहे. पलीकडच्या टोकाचा ताल चुकू नये म्हणून ही वायर दर आठ बिटांसाठी दहा बिट पाठवते. पाचवा हिस्सा पगार हातात पडण्याआधीच कापला जातो. उरतात 1728 कोटी. सासऱ्यांना मी ग्रॉस सांगितला होता, सौ.ला नेट लग्नानंतर कळला. त्यामुळे डेलची अडचण मला कोणी समजावून सांगावी लागली नाही.

त्याच वर्षी डिस्प्लेपोर्ट 1.3 ठरलं. त्याचा हातात पडणारा पगार 2592 कोटी, म्हणजे फाइव्ह केला एक वायर पुरेशी. 2016 साली 1.4 आलं, त्यात बिटांची घडी घालून पाठवायचीही सोय झाली. झालं? छे! 2017 साली डेलचाच 'एट के' पडदा आला, 3 कोटी 31 लाख ठिपक्यांचा, आणि पुन्हा दोन वायरी. महागाई आणि महागाई भत्ता यांचं नातं ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटू नये. भत्ता वाढतो, पण महागाई तोवर पुढच्या वळणावर पोचलेली असते.

मग घरचा हिशेब मांडला. आमच्या मॉनिटरला सेकंदाला 60 चित्रांसाठी हवेत 1194 कोटी बिट. लॅपटॉपचं एचडीएमआयचं भोक 2009 सालच्या 1.4 या नियमाचं : ग्रॉस 1020 कोटी, हातात 816. भागत नाही म्हटल्यावर लॅपटॉपने निमूटपणे खर्च निम्म्यावर आणला होता. सेटिंगमध्ये बारीक अक्षरात 30 हा आकडा दोन आठवडे बसून होता. दुकानदार निर्दोष, मॉनिटर निर्दोष. आणि खोक्यातली कोरी वायर होती यूएसबी-सीची, शेजारच्या दुसऱ्या भोकात जाणारी.

रात्री कन्या जेवायला उठली तेव्हा ती वायर फोडली, जोडली. 60 चा आकडा दिसला. कन्येने येऊन माऊस हलवला. बाण सुळकन पळाला. तिने माझ्याकडे पाहिलं.

"चूक माझी होती," मी म्हणालो.

बँकेतल्या बावीस वर्षांत हे वाक्य मी एकाही ग्राहकाला म्हटलेलं नाही. तीन शब्द फक्त. कुठल्याही जुन्या वायरीतून सहज गेले असते. दोन आठवडे ते अडले होते माझ्याकडेच.