हात न लावता चाललेला डाव

पडद्यावर डाव आपोआप चालू आहे आणि माणसं नुसती बघत बसली आहेत, असा प्रयोगशील व्हिडिओ गेम कुणी दाखवला की शेरा ठरलेला: ‘हा खेळच नव्हे. खेळणारा निवड करतो, धोका पत्करतो, तेव्हा खेळ होतो. इथे दोन्ही नाही. हा फार तर सिनेमा.’

आक्षेप अगदीच पोकळ नाही. योहान हायझिंगाने १९३८ मध्ये खेळाला स्वेच्छेने केलेली मुक्त कृती म्हटलं, त्याचा आधार घेता येतो. पण त्याच वाटेने पुढे गेलेल्या रोजे काय्वाने १९५८ मध्ये खेळांचे चार वर्ग केले. त्यातला एक नशिबाच्या खेळांचा, आणि तिथे खेळणारा निष्क्रिय असतो हे त्याने मोकळेपणी मान्य केलं. तिकीट खिशात ठेवून सोडतीची वाट बघणारा दुसरं करतो तरी काय?

रत्नागिरीकराला हे सांगायला काय्वा कशाला हवा! शिमग्यात जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत पालखी खुणा काढते. कुणीतरी नारळ पुरून ठेवतो आणि पालखी तो हुडकते. श्रद्धेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. खांदे देणारा म्हणतो, मी नेत नाही, तीच ओढते. म्हणजे चाल कुणाच्याच नावावर नाही. तरी पालखी वळली की गर्दी सरकते, ‘तिकडं न्हाय, माघारी’ असं कुजबुजते, आणि नारळ पुरणाऱ्याला चेहरा कोरा ठेवताना घाम फुटतो. या गर्दीला निष्क्रिय म्हणणाऱ्याने एकदा तिच्यात उभं राहावं.

राहिला सिनेमा. त्याचा शेवट आधीच चित्रित झालेला असतो. जॉन कॉनवेच्या ‘गेम ऑफ लाइफ’चा नसतो. मार्टिन गार्डनरने १९७० मध्ये तो लोकांपुढे आणला. चौकटींची जाळी; जिवंत चौकटीला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तर ती टिकते, नाहीतर मरते; मेलेलीला नेमके तीन असले तर ती जिवंत होते. पहिली मांडणी केली की माणसाचं काम संपलं. पण पाच चौकटींची एक मांडणी स्थिरावायला ११०३ पिढ्या घेते, हे नियम पाठ असूनही आधी सांगता येत नाही. डाव चालवूनच पाहावा लागतो. कोणतीही मांडणी अमर्याद वाढणार नाही, असा खुद्द कॉनवेचा अंदाज होता. त्यावर त्याने ५० डॉलर लावले आणि त्याच वर्षी बिल गॉस्परच्या गटाने ते जिंकले. लेखकालाच शेवट चुकतो, असा कुठला सिनेमा?

यावर कुणी म्हणेल, जिथे शेवट ठाऊक आहे तिथे काय? तिथे देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर उभे आहेत. त्यांना १९२७ मध्ये रँग्लर र. पु. परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं होतं. परांजपे दापोलीजवळच्या मुर्डीचे, जन्म १८७६. तोच आकडा कापरेकरांच्या रीतीत घालू. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा: ८७६१ उणे १६७८, म्हणजे ७०८३. पुन्हा: ८७३० उणे ०३७८, म्हणजे ८३५२. पुन्हा: ८५३२ उणे २३५८, म्हणजे ६१७४. यापुढे तोच आकडा येत राहतो. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात फेऱ्यांत इथेच येते. यात निवड नाही, जिंकणं-हरणं नाही, शेवटही फुटलेला. तरी माणूस दुसरा आकडा घेतोच, कारण ‘किती फेऱ्या?’ आणि ‘असं का?’ हे दोन प्रश्न शिल्लक राहतात.

आक्षेपकांचा राग एका ठिकाणी मात्र रास्त आहे. मोबाइलवर ‘ऑटो’ बटण दाबलं की योद्धे आपोआप लढतात, आपण फक्त पैसे भरायचे. २००२ च्या ‘प्रोग्रेस क्वेस्ट’ने नायकाला नाव दिल्यावर सगळं आपोआप घडवून या जातीच्या खेळांची आधीच टर उडवली होती. पण मोबाइलवरचे ते खेळ मला खटकतात ते हात रिकामे राहतात म्हणून नव्हे. कॉनवेचे आणि कापरेकरांचे नियम पोस्टकार्डावर मावतात. या खेळांत कोणता योद्धा कशाने जिंकला याचा हिशेब कंपनीकडे राहतो, बघणाऱ्याला अंदाज बांधायला काहीच मिळत नाही.