लहानांचा मास्तर, मोठा अभ्यास



भातकुलीसारख्या गावात एखाद्या मुलीने बारावीनंतर ‘मला लहान मुलांना शिकविण्याची पदवी घ्यायची आहे’ असे म्हटले, तर ओट्यावर बसलेले एखादे आजोबा तिला हटकून विचारतील, “पोरं सांभाळायले डिग्री कायले पायजे वं बाई? आमच्या मायनं आठ लेकरं वाढवली, थे कोन्त्या कालेजात गेल्ती?”

प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. त्यात आजोबांचा दोषही नाही. आपल्याकडे शाळेची घडीच अशी बसली होती, की वर्ग जितका वरचा तितका मास्तर जास्त शिकलेला. कॉलेजला एम.ए., हायस्कूलला बी.ए., आणि प्राथमिक शाळेला सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला. पुढे जमले तर त्याने नॉर्मल स्कूल करावे. त्यातही बिगरीचा आणि पहिलीचा वर्ग कोणाकडे? तर जो सगळ्यांत नवखा त्याच्याकडे. म्हणजे पायाचे काम शिकाऊ गवंड्याला आणि कळस चढवायला मात्र जाणता कारागीर! घर बांधताना आपण असे कधी करू का? पण शाळेच्या बाबतीत आपण ते पिढ्यान्‌पिढ्या केले.

ही रीत उलटी आहे, हे ओळखणारी माणसे मात्र महाराष्ट्रात होऊन गेली. सावित्रीबाई फुल्यांचेच पाहा. पुण्याला १८४८ साली मुलींची शाळा निघाली, हे आपण सारे जाणतो. पण सावित्रीबाईंनी शिकवायचे कसे याचेही रीतसर शिक्षण घेतले होते, नगरला मिस फरारबाईंकडे आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये. अक्षर येणे वेगळे आणि अक्षर शिकविता येणे वेगळे, हे त्या काळी त्यांना उमगले होते.

दुसरे उदाहरण तर आपल्या वऱ्हाडाशीच जोडलेले आहे. ताराबाई केळकर या १८९२ साली जन्मलेल्या बाई. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी.ए. झाल्या. त्या काळी पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. त्यांचे लग्न अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाले आणि त्या ताराबाई मोडक होऊन अमरावतीला राहावयास आल्या. भातकुलीहून बैलगाडीने सकाळी निघाले तर दुपारपर्यंत पोचावे, एवढ्या अंतरावर बालशिक्षणातले हे मोठे नाव काही वर्षे नांदत होते, हे आज आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

पुढे ताराबाई काठेवाडात राजकोटला स्त्री-शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजच्या प्रमुख झाल्या. मानाची जागा, चांगला पगार. पण १९२३ च्या सुमारास त्या जागेचा मोह सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे, या विचारात असताना इटलीच्या डॉक्टर मारिया मॉंटेसरी यांची पुस्तके त्यांच्या हाती पडली आणि वकिली सुटली. १९२० साली त्यांनी भावनगरला बालमंदिर काढले. खुद्द मॉंटेसरीबाई हिंदुस्थानात आल्या त्या १९३९ साली. म्हणजे त्यांच्या कितीतरी आधी हे काम इथे सुरू झाले होते. ताराबाई पदवीधर असूनही तिथे तीन-चार वर्षांच्या मुलांपुढे नव्याने विद्यार्थिनी झाल्या. मूल काय करते, कशात रमते, कधी कंटाळते, हे त्या बसून पाहू लागल्या, टिपू लागल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. बालमंदिराला जोडूनच अध्यापन मंदिरही चालू होते. नुसते बालमंदिर काढून भागत नाही, त्यातली बाई तयार करावी लागते, हे या मंडळींनी पहिल्यापासून धरून ठेवले.

पण मंडळी, खरी कसोटी पुढेच होती. मॉंटेसरीची साधने महागाची. शहरातल्या शाळेला ती परवडत. खेड्यातल्या मुलाचे काय? १९४५ साली ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यात बोर्डी गावी बालवाडी काढली. साथीला अनुताई वाघ आल्या. तिथे या दोघींनी शिंपले, बिया, पाने, खडे, काड्या हीच साधने केली. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुले गुरांमागे जात म्हणून शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात नेली, ती कुरणशाळा. आज देशभर ‘अंगणवाडी’ हा शब्द चालतो. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तिच्या केंद्रांना हेच नाव मिळाले.

अनुताईंची गोष्ट तर ज्यांना ‘आता या वयात काय शिकायचे’ असे वाटते त्यांनी ध्यानात ठेवावी. त्या बालविधवा. प्राथमिक शिक्षिका झाल्या. दिवसा शाळेत शिकवून रात्रीच्या शाळेत शिकत त्या १९३७ साली मॅट्रिक झाल्या. आणि बी.ए. कधी झाल्या? १९६१ साली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी! तोवर बालशिक्षणात त्यांचे नाव झालेले होते, पदवीवाचून काही अडले नव्हते. तरी त्यांनी अभ्यास केला. लहान मुलांना शिकविणाराने स्वतः शिकत राहिले पाहिजे, एवढाच याचा अर्थ.

आपल्या शेजारी वर्धा-सेवाग्रामलाही याच दिशेने विचार झाला. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम पुढे आली. आरंभी ती सात वर्षांपुढच्या मुलांसाठी होती. १९४५ नंतर तिचा पट रुंदावला आणि सातच्या आतल्या मुलांसाठी पूर्व-बुनियादी शिक्षण हा तिचा पहिला टप्पा ठरला.

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. या अभ्यासात शिकायचे असते तरी काय? आपल्या भातकुलीचेच उदाहरण घेऊ. इथले लेकरू घरी ‘पानी’ म्हणते, ‘लोनी’ म्हणते. न शिकलेला मास्तर पहिल्याच दिवशी त्याला टोकतो, “पानी नाही, पाणी म्हण!” चार वेळा टोकले की लेकरू गप्प बसते, आणि गप्प बसलेले लेकरू शिकत नाही. शिकलेली बाई त्याला आधी पोटभर बोलू देते. घरची बोली ही चूक नसून शिकण्याची पहिली पायरी आहे, हे तिला माहीत असते. तीन वर्षांच्या मुलाच्या बोटांत पेन्सिल धरण्याचे बळ आलेले नसते. म्हणून ती त्याला आधी माती मळू देते, सरकी आणि तुरीचे दाणे निवडू देते, चिंचोके ओळीने मांडू देते. मोजणी तिथेच येते. आपला भाग खारपाणपट्ट्याचा. कोणत्या विहिरीचे पाणी गोडे आणि कोणत्या विहिरीचे खारे, हे पोराच्या जिभेला कळते. शिकलेल्या बाईला यातच ज्ञानेंद्रियांचा पाठ दिसतो. आणि कापूस वेचणीच्या दिवसांत आईबरोबर वावरात गेलेले मूल गैरहजर म्हणून तिच्या वहीतून निसटत नाही. कुरणशाळेची आठवण ठेवून ती त्याच्यापर्यंत जाण्याची वाट शोधते.

माय लेकरू वाढवते, ते मायेने आणि अनुभवाने. पण मायजवळ आपलीच पोरे असतात. बाईपुढे तीस घरची तीस लेकरे असतात, तीस तऱ्हांची. माया तिथेही लागतेच. पण नुसत्या मायेने भागत नाही.

ही गोष्ट आता कायद्याच्या भाषेतही आली आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की बी.एड. ही पदवी प्राथमिक शिक्षकासाठी पात्रता धरता येणार नाही; लहान मुलांना शिकविण्याचे वेगळे प्रशिक्षण लागते. म्हणजे डी.एड., ज्याला आता डी.एल.एड. म्हणतात, ते बी.एड.चे धाकटे भावंड नव्हे. तो स्वतंत्र अभ्यास आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही वर्षे एकाच पायाभूत टप्प्यात गुंफली, आणि २०२३ पासून देशातल्या काही संस्थांतून बारावीनंतरचा चार वर्षांचा एकात्मिक पदवी अभ्यासक्रम सुरू झाला. त्यात या पायाभूत टप्प्यासाठी शिक्षक तयार करण्याची सोय आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. डी.एड. झालेली आपली कितीतरी मुले-मुली भरतीची वाट पाहत थकली. अंगणवाडी सेविकेच्या हाती आजही पगार पडत नाही, मानधन पडते. पायाचे काम महत्त्वाचे म्हणावयाचे आणि पायाच्या कारागिराला कमी मोजायचे, ही ती जुनीच उलटी रीत झाली. नुसत्या पदवीने ती बदलणार नाही. गावाने, पंचायतीने, पालकांनी आणि सरकारने त्या बाईला मान आणि दाम दोन्ही दिले, तरच बदलेल.

तेव्हा आजोबा, तुमच्या नातीने हा अभ्यास करीन म्हटले, तर तिला अडवू नका. अमरावतीला येऊन राहिलेल्या एका बाईने बी.ए. होऊनही लहान मुलांपुढे पुन्हा पाटी धरली होती, हे तिला सांगा. आणि वावरातून येताना मूठभर सरकी, चार चिंचोके तिच्यासाठी आणून ठेवा. तिच्या शाळेला ते लागतीलच.