ट्रॉली जोडताना-सोडताना जॅक कसा लावायचा? हंगामाआधी एवढं वाचून ठेवा

परभणी : ऊसतोड सुरू झाली की पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेडकडच्या रस्त्यांवर ट्रॉल्याच ट्रॉल्या दिसतात. वेग जास्त असल्याने होणारे अपघात सगळ्यांना माहीत असतात. पण ट्रॅक्टर जागेवर उभा असताना, हूक आणि दांडीच्या मध्ये माणूस दाबला जातो, याकडे फारसं कोणी बघत नाही.

नेहमीची पद्धत अशी की ड्रायव्हर ट्रॅक्टर मागे घेतो आणि जोडीदार मध्ये उभा राहून दांडी हाताने उचलून धरतो. क्लच जरा सुटला की माणूस सापडलाच. दांडी उचलायचं काम जॅकचं, माणसाचं नाही. जॅकने दांडी हुकाच्या उंचीला आणून ठेवा. ट्रॅक्टर मागे येत असताना मध्ये कोणीही नको. ट्रॅक्टर थांबला, न्यूट्रल झाला, ब्रेक लागला, मगच आत जाऊन पिन टाका. भोक जुळलं नाही तर आधी माणूस बाहेर, मग ट्रॅक्टर हलवा. भोकात बोट घालून बघू नका. आणि तेवढ्यापुरती तरी टेपवरची गाणी बंद ठेवा, मागून मारलेली हाक ड्रायव्हरला ऐकू गेली पाहिजे.

पिनेच्या जागी सळई किंवा जुना बोल्ट चालवू नका. पिनेला खालून लॉक हवं, सोबत साखळी हवी. जोडून झालं की जॅकचा पाय पूर्ण वर घ्या, नाहीतर पहिल्याच गतिरोधकावर तो वाकतो.

काळी जमीन फसवते

आपली काळी जमीन वरून वाळलेली दिसते, पण आत ओल असते. जॅकचं बूड लहान, सगळं वजन तेवढ्याच जागेवर येतं आणि जॅक तिरका होऊन रुततो. खाली बाभळीची जाड, रुंद फळी टाका. वीट किंवा फरशी नको, ती फुटते.

भरलेली दोनचाकी ट्रॉली सोडायची असेल तर आधी दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. मग माल कुठे जास्त आहे ते बघा. पुढे जास्त असेल तर पिन काढताच दांडी खाली आदळते. मागे जास्त असेल तर ती वर उसळते, आणि वाकलेल्या माणसाच्या हनुवटीवरच बसते. म्हणून दांडीवर वाकून पिन ओढू नका, बाजूला उभे राहा. ट्रॉली रात्रभर उभी ठेवायची तर हायड्रोलिक जॅकच्या भरवशावर सोडू नका. तेल झिरपलं की तो हळूहळू बसतो. दांडीखाली लाकडी ठोकळ्यांचा टेकू द्या.

पंक्चर काढताना ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेलीच असू द्या. नट आधी सैल करा, मग जॅक आसाखाली लावा. जॅकवर लिहिलेले टन बघा. माल जास्त असेल तर आधी उतरवा. उचललेल्या ट्रॉलीखाली टेकू दिल्याशिवाय हातसुद्धा घालू नका.

ओढताना

रस्त्यावर दोन्ही ब्रेकचे पेडल एकमेकांना अडकवून ठेवा. जिंतूरकडच्या उतारावर न्यूट्रल करू नका, क्लचही दाबून ठेवू नका, मागचा माल ट्रॅक्टरला ढकलतो. दांडीवर कोणाला बसवू नका. ट्रॉली चिखलात फसली तर साखळी खालच्या हुकालाच बांधा. वरच्या टॉप लिंकच्या जागी बांधली तर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचलून तो ड्रायव्हरवर उलटतो, उडी मारायलाही वेळ मिळत नाही.

कोणी दाबला गेलाच तर ट्रॅक्टर घाईघाईने पुढे-मागे करू नका. चाकांना दगड लावा, जॅकने वजन उचला, आणि तेवढ्यात दुसऱ्याने 108 ला फोन करावा.