घरगुती बहुमार्गी ध्वनिमुद्रण : पाठ आणि पाठभेद

ध्वनिमुद्रण म्हणजे घडून गेलेल्या गायनवादनाची नोंद, अशी सर्वसाधारण समजूत आहे. बहुमार्गी ध्वनिमुद्रणाला ती लागू पडत नाही. तेथे एकच वादक आज गिटार वाजवितो, उद्या तीच ऐकत गातो आणि परवा तिसरे वाद्य त्यांत मिळवितो. श्रोत्याला जे एकत्र ऐकू येते ते एकत्र असे कधीच घडलेले नसते. मग अशा मुद्रणाचा मूळ पाठ कोणता, आणि नापसंत ठरलेल्या पाठांचे काय होते? घरी वापरावयाच्या बहुमार्गी यंत्राचा इतिहास हा पुष्कळ अंशी याच प्रश्नाच्या बदलत्या उत्तरांचा इतिहास आहे.

या इतिहासाचा आरंभ एका घराच्या गॅरेजात झाला, ही गोष्ट लक्षणीय आहे. अमेरिकन गिटारवादक लेस पॉल याने हॉलिवूडमधील आपल्या गॅरेजात तबकड्यांवर थर चढवून ‘लव्हर’ हे वादन सिद्ध केले. ते १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले. एक तबकडी वाजवावयाची, तिच्याबरोबर नवे वादन करावयाचे आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर उतरवावयाचे, अशी ती रीत होती. प्रत्येक थरागणिक खरखर वाढे. परंतु आधीची तबकडी शाबूत राही. पुढे तो चुंबकीय फितीकडे वळला व जुना आवाज आणि नवे वादन त्याच फितीवर एकत्र उतरवू लागला. काम सोपे झाले, पण एक चूक झाली की आधीचे सारे थर तिच्यासह नष्ट होत. सोय वाढली आणि पूर्वपाठ मात्र गेला.

यावरचा उपाय म्हणजे फितीच्या रुंदीत परस्परांपासून अलग असे अनेक ट्रॅक राखणे. त्यांत एक अडचण होती. आवाज वाचणारे हेड हे मुद्रण करणाऱ्या हेडच्या पुढे असल्यामुळे जुना आवाज ऐकून केलेले वादन फितीवर मागे पडे. मुद्रण करणाऱ्या हेडकडूनच जुने ट्रॅक वाचून घेण्याची युक्ती अँपेक्स कंपनीने काढली, आणि १९५७ मध्ये आठ ट्रॅकचे यंत्र लेस पॉलच्या घरी पोचले. एक थर पुसून दुसरे सात कायम ठेवणे आता शक्य झाले. तथापि असे यंत्र सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते.

ते आवाक्यात आणण्याचे श्रेय टीॲक कंपनीच्या १९७९ मधील ‘पोर्टास्टुडिओ १४४’ या यंत्राकडे जाते. नित्याच्या कॅसेटवर दोन बाजूंचे मिळून चार माग असतात. या यंत्राने ते चारही एकाच दिशेने वापरले आणि फीत दुप्पट वेगाने चालविली. साठ मिनिटांच्या कॅसेटवर त्यामुळे पंधराच मिनिटे मावत. चार ट्रॅक अपुरे पडत, तेव्हा तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवावयाचे आणि ते तीन पुसून पुन्हा वापरावयाचे, हा परिपाठ पडला. एकदा मिसळलेल्या तीन आवाजांचा परस्पर तोल पुन्हा बदलता येत नसे. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर कायमचा निर्णय घेणे भाग होते.

ब्रूस स्प्रिंगस्टीन याने जानेवारी १९८२ मध्ये न्यू जर्सीतील कोल्ट्स नेक येथे घरी याच यंत्रावर काही गाणी मुद्रित केली. वादकवृंदाला दाखविण्यासाठी केलेला तो कच्चा खर्डा होता. स्टुडिओत तीच गाणी पुन्हा करून पाहिली, पण खर्ड्यातील भाव त्यांत उतरेना. अखेर त्या कॅसेटवरूनच ‘नेब्रास्का’ हा संग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. खर्डा हाच प्रमाण पाठ ठरला, आणि घर व स्टुडिओ यांची उतरंड डळमळीत झाली.

अंकीय पद्धतीचा खरा परिणाम याच ठिकाणी पाहावयास हवा. १९९२ मध्ये विक्रीस आलेले अलेसिस कंपनीचे ‘एडॅट’ व्हिडिओ कॅसेटवर आठ ट्रॅक अंकरूपाने साठवी. आकड्यांची नक्कल मुळाबरहुकूम होत असल्याने नकलेगणिक वाढणारी खरखर संपली. तथापि नवे मुद्रण जुन्यावरच होई. १९९६ मधील रोलँडच्या ‘व्हीएस-८८०’ या हार्ड डिस्कवरील यंत्राने पुढचे पाऊल टाकले. त्याच्या आठ ट्रॅकांपैकी प्रत्येकामागे आठ पर्यायी ट्रॅक, असे एकूण चौसष्ट राखता येत. नवा पाठ घेताना जुना पुसण्याचे कारण उरले नाही. लेस पॉलने फितीवर जे गमावले होते ते पाठभेद येथे परत मिळाले.

आज घरी असे स्वतंत्र यंत्र प्रथमच हाताळणाऱ्याला ही परंपरा क्रमाक्रमाने गिरवावी लागते. प्रथम एका ट्रॅकवर लयीचा आधार घ्यावयाचा. पुढील थर हेडफोन लावूनच घ्यावयाचे, अन्यथा जुना आवाज मायक्रोफोनमध्ये शिरतो. चुंबकीय फीत मर्यादेपलीकडील आवाज काही अंशी सौम्यपणे सोसते. अंकीय यंत्रात तो कमाल मर्यादेवर तुटतो. म्हणून सर्वांत मोठा आवाजही त्या मर्यादेच्या सुमारे १२ डेसिबल खाली ठेवणे हितावह. सोळा बिट व ४४.१ किलोहर्ट्‌झ या मानाने एका ट्रॅकला मिनिटास सुमारे ५.३ मेगाबाइट लागतात. आठ ट्रॅकांच्या हिशेबाने १ गिगाबाइटची डिस्क चोवीस मिनिटांत भरे. ३२ गिगाबाइटचे कार्ड साडेबारा तास पुरते. जागेची टंचाई सरली, आणि निर्णय लांबणीवर टाकण्याचा मोह वाढला.

पाठभेद राखणे आणि ते वाचता येणे या मात्र दोन भिन्न गोष्टी होत. ‘व्हीएस-८८०’ची डिस्क त्या कंपनीच्या स्वतःच्या संक्षेपपद्धतीने लिहिलेली असे, यंत्र बिघडले की डिस्क शाबूत असूनही तिच्यावरील संगीत मुके होण्याचा संभव. यास्तव प्रत्येक ट्रॅक गाण्याच्या आरंभबिंदूपासून सर्वमान्य वेव्ह स्वरूपात बाहेर काढून ठेवणे, त्याला नाव देणे आणि कोणता पाठ केव्हा व का स्वीकारला याची वहीत नोंद करणे, हे वादनाइतकेच मुद्रणाचे अंग मानले पाहिजे. तबकड्यांच्या काळी पूर्वपाठ आपोआप उरे, फितीच्या काळी तो पुसला जाई. अंकीय काळात तो उरतो किंवा हरवतो तो केवळ मुद्रण करणाऱ्याच्या दक्षतेवर. घरगुती संगीताच्या भावी अभ्यासकाला त्या संगीताची घडण कितपत उलगडेल, हेही याच दक्षतेवर अवलंबून राहील.